पाठभेद, पॅकेजे आणि पंढरीच्या वाऱ्या

ग्रंथ एकच असतो आणि त्याच्या प्रती अनेक असतात, हे वाक्य पाठचिकित्सा शिकवताना आम्ही गेली कित्येक वर्षे वर्गात उच्चारत आलो आहोत. प्रत कोणी केली, कधी केली, कोणत्या प्रतीवरून केली, लेखकाच्या हाताची सवय काय होती, हे कळल्याखेरीज पाठाविषयी बोलू नये, असेही आम्ही विद्यार्थ्यांना बजावतो. हे सारे शास्त्र हस्तलिखितांपुरते आहे आणि छापखाना आल्यावर त्याची निकड संपली, असा एक समज सर्वत्र आढळतो. संगणकाच्या बाबतीत तर हा समज अधिकच पक्का असतो. एकदा टंकलेले अक्षर हे कायमचे अक्षर, त्याला ना कसर लागते ना वाळवी, असे आपण धरून चालतो. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या अनुभवाने आमचे मत नेमके याच्या उलट झाले आहे. त्याची ही हकीकत.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक शिरूरच्या महाविद्यालयात शिकवतो, दुसरा दौंडच्या. घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड यांच्यामध्ये न्हावरा, चौफुला असा रस्ता आहे आणि वाटेत ऊस वाहणारे ट्रॅक्टर भेटत राहतात. २००४ च्या सुमारास आम्ही दोघेही तासिका तत्त्वावर शिकवत होतो. पगार बेताचा, उत्साह मात्र भरपूर. त्या वेळी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना आम्ही एक काम सांगितले होते. आपापल्या गावातल्या, घरातल्या वयस्क बायकांकडून जात्यावरच्या ओव्या लिहून आणायच्या. हे काम आमच्या डोक्यातून निघालेले नव्हते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी अनेक वर्षे खपून लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या होत्या आणि त्या प्रचंड संग्रहाची कीर्ती आमच्यापर्यंत पोहोचली होती. (तो संग्रह पुढे पारी या संस्थेने २०१७ पासून लोकांसमोर आणायला सुरुवात केली.) त्या मानाने आमचे काम म्हणजे पसाभर दाणे. पण ते दाणे आमच्या शिवारातले होते. मुलांनी आजीच्या, आत्याच्या, शेजारच्या म्हातारीच्या तोंडून जे ऐकले ते वह्यांत उतरवले. आज त्या गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेक जणी हयात नाहीत. वह्याही पुष्कळशा पावसाने, उंदरांनी आणि बदल्यांनी नेल्या. उरल्या त्या संगणकावरच्या फायली.

या फायलींचे पुस्तक करावे असे ठरले, तेव्हा त्यांत तीन थर निघाले. पहिला थर २००४-०५ चा. शहरातल्या एका डीटीपीवाल्याकडे जुन्या पद्धतीच्या फाँटात टंकलेला. दुसरा थर २०१३-१४ चा. दौंडच्या प्रयोगशाळेतल्या लिनक्सच्या यंत्रांवर मुलांनी युनिकोडमध्ये टंकलेला. तिसरा अलीकडचा, शिरूरला नव्या यंत्रावर केलेला. तिन्ही थरांत मराठीच आहे, देवनागरीच आहे, आणि तरीही एका थरातला मजकूर दुसऱ्या थराच्या यंत्रावर उघडला की काहीतरी बिनसते.

पहिल्या थराचे दुखणे बहुतेकांना ठाऊक असेल. त्या फायलीत मुळात मराठी नसतेच. रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला एक फाँट असतो आणि तो फाँट यंत्रावर असेल तरच पडद्यावर मराठी दिसते. नसेल तर विरामचिन्हांची आणि रोमन अक्षरांची खिचडी. शिवाय त्यात अक्षरांचा क्रम डोळ्यांना दिसतो तसा साठवलेला असतो. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार व्यंजनानंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. वेलांटी व्यंजनानंतर येते, रफाराचा र आधी. म्हणून असा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा तर नुसती अक्षरे बदलून भागत नाही, प्रत्येक शब्द सोडवून पुन्हा गुंफावा लागतो. त्यातून एकाच नावाच्या फाँटाच्या दोन आवृत्त्यांत आकारांच्या जागा वेगळ्या असल्या की एका आवृत्तीसाठी केलेले परिवर्तन दुसरीला चालत नाही. दौंड-बारामती हा रेल्वेमार्ग पूर्वी अरुंद रुळांचा होता. मोठ्या रुळांवरून आलेला माल दौंडला उतरवून छोट्या डब्यांत भरल्याशिवाय पुढे जात नसे. पोती एका डब्यातून दुसऱ्यात जाताना थोडे धान्य सांडतेच. आमच्या ओव्यांचेही तसेच होत होते.

आता दुसऱ्या आणि तिसऱ्या थराकडे वळू. हे दोन्ही थर युनिकोडचे, म्हणजे येथे कटकट नसावी. पण युनिकोड हाही एक वाढता ग्रंथ आहे, त्याच्याही आवृत्त्या निघतात. मराठीतला ‘ॲ’ घ्या. या अक्षराला स्वतःचे स्वतंत्र स्थान मिळाले ते युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली. त्याआधी कोणी ‘ऍ’ वर भागवत असे, कोणी ‘अ’ टंकून त्यावर निराळा चंद्र चढवत असे. ही सवय २००८ नंतरही बरीच वर्षे टिकली. मुलांनी ओव्यांच्या सोबत गाणाऱ्या बाईच्या घराचे वर्णन लिहिले होते. त्यात ॲल्युमिनियमचे पातेले वारंवार येते. दुसऱ्या थरात हा शब्द ‘अ’ आणि चंद्र अशा जोडीने लिहिलेला, तिसऱ्यात नव्या अक्षराने. अक्षरांची मांडणी करणाऱ्या यंत्रणेच्या नव्या आवृत्त्या या जुन्या जोडीला अशुद्ध मानतात आणि चंद्राखाली एक ठिपक्यांचे वर्तुळ काढून दाखवतात. म्हणजे दौंडला नीट दिसणारे पातेले शिरूरला ठिपक्यांवर तरंगते. उलट दौंडला छपाईसाठी निवडलेला, आम्हांला फार आवडणारा फाँट २००८ पूर्वीचा. त्यात ‘ॲ’ नाहीच. त्यामुळे शिरूरची शुद्ध फाईल दौंडला गेली की त्या जागी एक रिकामी चौकट उमटते किंवा भलत्याच फाँटातून उसने आणलेले, वेगळ्या जाडीचे अक्षर येऊन बसते. एकाचे शुद्धलेखन दुसऱ्याचे अशुद्धलेखन, असा हा प्रकार.

याहून गंभीर प्रकरण अर्ध्या र चे. ‘वाऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून. दोन, साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह देऊन. ‘वाऱ्या’ आणि ‘वार्‍या’. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका रूपाने शोधले तर दुसरे सापडत नाही. पण खरा घात पुढेच आहे. ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे’ काढून टाकणारी साफसफाई अनेक प्रोग्राम परस्पर करतात. ते जोडचिन्ह गेले की ‘वाऱ्या’ चे ‘वार्या’ होते. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ होतो, आणि दौंड तालुक्यात समुद्र अवतरतो. ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ होऊन स्वयंपाकी एकदम विद्यापीठात जाऊन बसतात. हसण्यावारी नेण्यासारखे हे आहे, पण आमच्या संग्रहात नाही. तुकोबांची पालखी यवत, वरवंड या मार्गाने दौंड तालुक्यातून जाते. या भागातल्या बायकांच्या ओव्यांत ‘वाऱ्या’ हा शब्द किती असेल याची कल्पना करावी. ज्या बाईला प्रपंचापायी कधी पंढरपूर दिसले नाही तिने नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, भावाच्या वाऱ्या मोजल्या. तिच्या आयुष्याचे सारे भांडवल त्या एका शब्दात आहे आणि तोच शब्द यंत्राने खाल्ला.

*

येथे वाचक म्हणतील, मग सगळी यंत्रे सारखी करून टाका, जुने काढा आणि नवे बसवा. आम्हांलाही तसेच वाटले होते. लिनक्सच्या जगात असे का होत नाही, हे समजून घ्यायला आम्हांला बराच वेळ लागला. येथे ते आमच्याच भाषेत मांडतो.

लिनक्समध्ये प्रोग्राम सुटा येत नाही. त्याचे पॅकेज येते. पॅकेज म्हणजे गाठोडे, आणि गाठोड्याला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलेले असते की हा प्रोग्राम चालायला अमुक लायब्ररी हवी, तिची किमान अमुक आवृत्ती हवी, तमुक पॅकेजाशी त्याचे पटत नाही. प्रोग्राम लिहिणारे सामाईक कामाच्या संचाला ‘लायब्ररी’ म्हणतात, हा शब्द आम्हांला फार समर्पक वाटतो. ग्रंथालयात एक प्रत असते आणि शंभर वाचक तिच्यावरून टिपणे काढतात. प्रत्येकाने स्वतःची प्रत विकत घ्यायची गरज नाही, ही मोठी सोय. पण ग्रंथपालांनी एके दिवशी जुनी आवृत्ती काढून तिथे नवी ठेवली, आणि नव्या आवृत्तीत प्रकरणांचा क्रम बदलला, तर शंभर जणांच्या टिपणांतले पृष्ठक्रमांक एकाच क्षणी चुकतात. ज्याला नवी आवृत्ती हवी होती तो एकटा खूश. ज्यांचे काम जुन्यावर उभे आहे त्यांना आपले काय बिघडले हेही लगेच कळत नाही.

नावाच्या बरोबर आवृत्ती सांगावी लागते, हे शिरूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. महाराष्ट्रात शिरूर एक नाही. बीड जिल्ह्यात शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यात शिरूर अनंतपाळ आहे. म्हणून आमच्या गावाचे जुने जाणते आजही ‘घोडनदी’ असे पुढे जोडून सांगतात. नुसते ‘शिरूर’ लिहिलेले पत्र पोहोचेल की नाही हे पोस्टमनच्या अनुभवावर अवलंबून असते. प्रोग्रामने नुसते ‘अमुक लायब्ररी द्या’ म्हटले तर जी हाताला लागेल ती मिळते, आणि पत्र लातूरला जाते.

दौंडच्या प्रयोगशाळेत प्रत्यक्ष घडले ते असे. पुस्तकाची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामची नवी आवृत्ती तेथे बसवायची होती. तिने अक्षरमांडणीची नवी लायब्ररी मागितली. त्या लायब्ररीने तिच्या खालची नवी लायब्ररी मागितली. असे करत मागणी थेट पायापर्यंत, म्हणजे जिच्यावर यंत्रातला जवळपास प्रत्येक प्रोग्राम उभा असतो त्या मूळ सी लायब्ररीपर्यंत पोहोचली. पाया बदलायचा तर घर पाडूनच बांधावे लागते. पॅकेजांचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामने आम्हांला नम्रपणे कळवले की हे हवे असेल तर सत्तेचाळीस पॅकेजे काढावी लागतील, आणि त्या यादीत मुलांचा कळफलकही होता. मग घर पाडूनच बांधू म्हटले, तर यंत्रे जुनी, बत्तीस बिटांची. अशा यंत्रांसाठी नवी प्रणाली मिळणेच दुरापास्त होत चालले आहे. डेबियनसारख्या जुन्या जाणत्या प्रकल्पानेही २०२५ साली आलेल्या आपल्या १३ व्या आवृत्तीत बत्तीस बिटांच्या यंत्रांवर ती नव्याने बसवण्याची सोय बंद केली.

शिरूरची गत वेगळी. पहिल्या थराचा मजकूर युनिकोडमध्ये आणण्यासाठी आमच्या एका माजी विद्यार्थ्याने फार पूर्वी एक छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. तो पायथन या भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत होता. पायथनची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तिच्यातला एक मोठा बदल मजकूर साठवण्याच्या पद्धतीविषयी, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना सारखे वागवण्याविषयीच होता. बदल योग्य होता. पण त्यामुळे दुसऱ्या आवृत्तीतले प्रोग्राम, विशेषतः अक्षरांशी झटापट करणारे, तिसरीत जसेच्या तसे चालेनात. दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली आणि नव्या डेबियनमधून ती गेलीही. तेव्हा परिवर्तनाचा प्रोग्राम चालतो तो दौंडला, मांडणीचा चालतो तो शिरूरला. एकाला जुने हवे, दुसऱ्याला नवे, आणि दोघांचीही गरज रास्त. मूळ मजकूर दौंडला परिवर्तित करून पेन ड्राइव्हवर घालून आम्ही चौफुल्याच्या चहाच्या टपरीवर देवाणघेवाण केली आहे. दोन कार्यक्षम यंत्रणांमधला दुवा म्हणजे दोन मास्तर आणि एक एसटी, अशी ती व्यवस्था होती.

*

या सगळ्याकडे ‘संगणकाची कटकट’ म्हणून पाहू नये असे आम्हांला वाटते. मराठी लिपीच्या इतिहासात हा प्रश्न नवा नाही. दौंड तालुक्यातच, केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये छापखाना होता. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. सामान्य बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते, आणि १९२४ मध्ये ते ग्रंथरूपाने निघाले. आश्रमातल्या बायका आणि मुली छापखान्यात काम करीत. आता खिळ्यांच्या छपाईचा विचार करा. जुळारीच्या पेटीत एखाद्या जोडाक्षराचा खिळा नसेल तर काम अडते. मुंबईच्या ओतशाळांत देवनागरीच्या खिळ्यांच्या ‘अखंड’ आणि ‘डिग्री’ अशा दोन पद्धती होत्या. एकीत काना-मात्रांसह सबंध अक्षर एका खिळ्यात, दुसरीत अक्षर वेगळे आणि वरखालच्या मात्रा वेगळ्या. एका पद्धतीची मात्रा दुसऱ्या पद्धतीच्या अक्षरावर बसत नाही. बापूराव नाईकांचा देवनागरीच्या मुद्राक्षरकलेवरचा इंग्रजी ग्रंथ (१९७१) ज्यांनी चाळला असेल त्यांना या जुळणीची किचकट गणिते आठवतील. परस्परावलंबन तेव्हाही होते. फरक एवढाच की ते शिशाचे होते, हातात धरून पाहता येत होते. जुळारीला कोणता खिळा कमी आहे हे दिसत होते. आज काय कमी आहे हे यंत्रातल्या दहाव्या पडद्याआड असते.

दुसरा फरक मालकीचा. शिशाचे खिळे विकत घ्यावे लागत, जुन्या डीटीपीच्या फाँटांचेही तेच. लिनक्सच्या जगात ही जबाबदारी सर्वांची मिळून आहे. रेड हॅट या कंपनीने २००४ मध्ये ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फाँट मुक्त केले. कंपनीचे नाव लाल टोपी, म्हणून फाँटाचे नाव लोहित. संस्कृतचा असा उपयोग पाहून बरे वाटते. आधी ‘लोहित हिंदी’ वेगळा आणि ‘लोहित मराठी’ वेगळा असे. पुढे दोन्ही एका ‘लोहित देवनागरी’ त सामावले. तरी मराठी ‘ल’ आणि ‘श’ चे काय? युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचे स्थान एकच आहे. त्यामुळे मजकूर मराठी आहे हे सांगितले, फाँटात मराठी आकार असला आणि मांडणीची यंत्रणा या दोहोंची सांगड घालू शकली, तरच पाकळीचा ल आणि देठाचा श दिसतो. तिघांपैकी एकाने जरी कच खाल्ली तरी हिंदी वळण उमटते. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली आणि १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने ती सुधारली. शासननिर्णय कागदावर येतो, तो पडद्यावर यायला तीन पॅकेजांची एकवाक्यता लागते.

एकेकाळी लिनक्समध्ये या मांडणीच्या यंत्रणाही निरनिराळ्या होत्या. एका प्रोग्रामात जोडाक्षर नीट, दुसऱ्यात तेच तुटलेले, फाँट तोच. हळूहळू ‘हार्फबझ’ नावाच्या एका लायब्ररीवर बरेच जण एकत्र आले. लिबरऑफिसने २०१३ मध्ये लिनक्सवर ती स्वीकारली. या नावातला ‘हर्फ’ आपल्या ओळखीचा आहे, फारसी-अरबीतून आलेला, अर्थ ‘अक्षर’. ‘बाज़’ म्हणजे फारसीत ‘खुले’. खुले अक्षर. मराठीत मात्र ‘बाज’ हा दगाबाज, चालबाज अशा शब्दांतून परिचित, तो प्रत्यय वेगळा. नव्या आवृत्तीने जुन्या ‘अ’ वरच्या चंद्राखाली ठिपक्यांचे वर्तुळ काढले तेव्हा आमच्यातल्या दौंडकरांना हा दुसरा अर्थ अधिक पटला, हे सांगितलेच पाहिजे.

*

आमच्या दोघांत मतभेद झाला तो येथे. शिरूरकरांचे म्हणणे होते की नवे ते घ्यावे, जुना मजकूर नव्या नियमांनी शुद्ध करावा, जुने प्रोग्राम नव्याने लिहून घ्यावेत. दौंडकरांचे म्हणणे, जे चालते आहे ते गोठवावे, त्या यंत्राला आवृत्ती बदलूच देऊ नये. पॅकेजांच्या कारभारात अशी सोय असते, अमुक पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखून धरा, असे सांगता येते.

आपल्याकडे या वादाला मोठा पूर्वाधार आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि शेवटी यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये अशी ताकीद जोडली. आवृत्ती रोखून धरण्याचे याहून ठसठशीत उदाहरण आम्हांला माहीत नाही. त्यामुळे वारकऱ्यांना एक भरवशाचा पाठ मिळाला, पारायणाला जमलेल्या हजार लोकांच्या हातात एकच शब्द राहिला. पण त्याबरोबर नाथपूर्व पाठ मागे पडला, आणि १९०९ साली राजवाड्यांनी आपल्याला सापडलेल्या जुन्या प्रतीवरून ज्ञानेश्वरी छापली तेव्हा पुन्हा तो शोध सुरू झाला. गोठवल्याने ऐक्य येते, पण गोठवताना जे गाळले ते कुठेतरी जपून ठेवावे लागते. नाथांनी ज्या प्रती पाहिल्या त्या आज हाती असत्या तर!

नव्याचा हट्टही तितका निर्धोक नाही. २०१६ च्या मार्चमध्ये अकरा ओळींचे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे एक पॅकेज त्याच्या कर्त्याने काढून घेतले आणि जगभरचे अनेक मोठे प्रकल्प काही तास अडून पडले. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या साध्या, सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीच्या अगदी नव्या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. जे जुन्यावर थांबले होते ते वाचले. याचा अर्थ जुन्यावर थांबावे असा नाही. जुन्यातल्या ज्ञात भोकांतून चोर रोजच आत येतात. अर्थ एवढाच की ‘नवे’ हा शुद्धतेचा पुरावा नव्हे, तसा ‘जुने’ हाही नव्हे. हे तर पाठचिकित्सेचे पहिले सूत्र.

तिसराही एक मार्ग निघाला आहे. प्रत्येक प्रोग्रामने आपल्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या स्वतःबरोबर बांधून आणायच्या. फ्लॅटपॅक, स्नॅप, ॲपइमेज ही त्याची नावे. दिंडी जशी आपली भांडीकुंडी, राहुट्या आणि आचारी घेऊन निघते, यजमानाच्या घरात काय आहे याची फिकीर करत नाही, तसे. सोय उत्तम, पण ओझे वाढते. एकाच लायब्ररीच्या दहा प्रती दहा गाठोड्यांत फिरत राहतात, आणि तिच्यात दोष सापडला की तो दहा ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. दौंडच्या यंत्रांत तेवढी जागाही नव्हती.

वादाचा निकाल आम्ही असा लावला. प्रोग्रामांचे भांडण प्रोग्रामांपाशी ठेवायचे आणि संहितेला त्यातून बाहेर काढायचे. पहिली गोष्ट, मूळ फायली जशा होत्या तशा, एकाही अक्षराला हात न लावता, दोन ठिकाणी जपून ठेवल्या. पहिल्या थराच्या फायलींबरोबर तो जुना फाँटही. दुसरी, दौंडच्या एका यंत्राचे आंतरजाल तोडले आणि ते आहे त्या अवस्थेत गोठवले. परिवर्तनाचा प्रोग्राम तिथेच चालेल. गोठवलेले यंत्र जगाशी जोडलेले नसावे, ही अट शिरूरकरांनी घातली आणि दौंडकरांनी मान्य केली. तिसरी, संग्रहाची एक शुद्ध प्रत साध्या मजकुराच्या फायलीत केली. कोणत्याही प्रोग्रामची सजावट नाही, फाँट नाही. त्यात ‘ॲ’ एकाच पद्धतीने, ‘ऱ’ एकाच पद्धतीने. साफसफाई जोडचिन्हाचा अर्थ लक्षात घेऊन, आधी ‘र्‍’ चा ‘ऱ्’ करून मगच. चौथी, छापलेले पुस्तक. शेवटी कागद. कागदाला लायब्ररी लागते ती फक्त जुन्या अर्थाची.

‘वार्या’, ‘दर्या’ असे संशयास्पद शब्द यंत्राने काढून दिले, पण प्रत्येक ठिकाणी मूळ शब्द कोणता हे यंत्राला ठरवता येत नव्हते. ‘दर्या’ हा मराठी शब्द आहेच. मग शिल्लक वह्या उघडल्या, कुठे विद्यार्थ्याला फोन केला. तो विद्यार्थी आता चाळिशीकडे झुकलेला, रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर. एका ओवीपाशी अडलो तेव्हा गाणाऱ्या बाईच्या लेकीकडे गेलो. आईने गायलेली ओवी तिने कागद न पाहता म्हणून दाखवली, अर्धा र स्वच्छ, वाऱ्यासारखा हलका. तिच्याकडच्या पाठाला कोणतीही आवृत्ती लागत नव्हती. मात्र तिच्या मुलीला ती ओवी येत नव्हती, हेही तिनेच सांगितले आणि पुस्तक झाले की दोन प्रती मागितल्या.

जुने लेखक हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका लिहीत. शक, तिथी, गाव, कोणासाठी लिहिले, कोणत्या प्रतीवरून लिहिले, आणि जसे समोर होते तसे लिहिले, दोष माझा मानू नये, अशी विनंती. आमच्या संग्रहाच्या प्रत्येक फायलीला आता अशी पुष्पिका आहे. मजकूर कोणत्या वर्षी कोणी टंकला, कोणत्या फाँटात, प्रणालीची आणि मांडणीच्या लायब्ररीची आवृत्ती कोणती, परिवर्तन कोणत्या प्रोग्रामने केले, कोणते शब्द वह्यांवरून पडताळले आणि कोणते पडताळता आले नाहीत. प्रोग्राम करणारी मंडळी गाठोड्याच्या चिठ्ठीवर हेच लिहीत असतात. यंदापासून दुसऱ्या वर्षाच्या वर्गात पाठचिकित्सा शिकवताना आम्ही ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांबरोबर ‘वाऱ्या’ ची ही दोन रूपेही फळ्यावर लिहितो. फळ्यावर ती दोन्ही अगदी सारखीच दिसतात, आणि वर्गातला कोणीतरी हमखास विचारतो, ‘सर, यांत फरक काय?’ तिथून तास सुरू होतो.